रमी ॲपचा रिव्ह्यू : २२ महिने वापरलं, १,१४६ वेळा पैसे टाकले, एकूण किती गेले ते ॲपने एकदाही दाखवलं नाही

एक स्टार. तो पण एवढ्यासाठी की काढायला लावलेले पैसे उशिरा का होईना खात्यात आले, बुडवले नाहीत. ॲपचं नाव लिहीत नाही, मी तीन वापरली आणि तिन्ही एकाच साच्यातली निघाली, रंग वेगळा आणि जाहिरातीतला चेहरा वेगळा एवढाच फरक, त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्याही पैशाच्या रमी ॲपचा समजून वाचा. आता कायद्याने पैशाचे डाव बंद झालेत तरी लिहितोय, कारण बंद झाल्यावर त्याच्या जागी जे आलंय ते जास्त वाईट आहे. त्याचंही खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

माझं कराड तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की आमच्याकडे येतात. शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, त्यामुळे मोटार जळणार पण रात्रीच, शेतकरी अकरा वाजता फोन करणार आणि पहाटे टेम्पोत मोटार घालून दारात हजर. मोनोब्लॉकची कॉइल भरून, व्हार्निश मारून बल्बखाली वाळत ठेवली की मग करायला काही नसतं, नुसतं बसून राहायचं. त्या बसण्यात २०२३ च्या दिवाळीनंतर हे ॲप माझ्या फोनमध्ये आलं. हाताखालच्या पोराने लिंक पाठवली, माझ्यामुळे त्याला शंभर रुपये मिळणार होते आणि मला पन्नास. त्याला दोष देत नाही, त्याचं वय तेव्हा १९.

रमी मला लहानपणापासून येते. गणपतीच्या जागरणाला, लग्नघरात मांडवाच्या आदल्या रात्री आम्ही चटईवर रमीच खेळायचो आणि मी चांगला खेळायचो, चुलते म्हणायचे ह्याला पानं लक्षात राहतात. हे सांगायचं कारण, ॲप नेमकं अशाच माणसाला धरतं. ज्याला पत्ते येत नाहीत तो शंभर घालवून निघून जातो. ज्याला येतात त्याला वाटतं इथे तर आपलंच राज्य.

पैसे टाकायची सोय म्हणाल तर मी आयुष्यात एवढी चांगली सोय कुठे बघितली नाही. बँकेचं ॲप अडकतं, लाईट बिलाची साइट अडकते, हे कधी अडकलं नाही. ५००, १०००, २००० अशी तीन बटणं, मधलं आधीच निवडलेलं, त्यावर लिहिलेलं की बहुतेक लोक हेच निवडतात. बोट ठेवलं, यूपीआयचा पिन टाकला, आठ-दहा सेकंदात टेबलवर. पहिल्या आठवड्यात मी शंभराचे ६४० केले आणि त्यातले ५०० काढून बघितले तर दोन मिनिटांत खात्यात. खोटं असेल ही जी शंका मनात होती ती त्या दोन मिनिटांत गेली आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहिलं.

नंतर रक्कम मोठी झाली तसं काढणं अवघड होत गेलं. प्रोफाइलमध्ये जा, वॉलेटमध्ये जा, तिथे तीन प्रकारचे पैसे, टाकलेले, जिंकलेले आणि बोनस, त्यातले फक्त जिंकलेलेच काढता येतात. काढायला लावले की "प्रोसेसमध्ये आहे" असं कधी सहा तास तर कधी दोन दिवस दिसत राहतं आणि त्याच्या शेजारी हिरवं बटण, "रद्द करा आणि लगेच खेळा". हे बटण ज्याने बनवलं त्याला माहीत होतं की रात्री दोन वाजता माणूस काय करतो. मी नंतर मोजलं, काढायला लावलेले पैसे मी २३ वेळा रद्द करून परत टेबलवर नेले आणि त्या २३ पैकी एकदाही ते पैसे नंतर माझ्या खात्यात आले नाहीत.

बोनसचं पण सांगतो. पाच हजार वेलकम बोनस लिहिलेलं असतं. ते पाच हजार एकदम मिळत नाहीत, तुम्ही जसजसे खेळाल तसे दहा-वीस रुपये सुटत जातात, म्हणजे पूर्ण बोनस मिळवायला त्याच्या कितीतरी पट पैसे टेबलवरून फिरवावे लागतात. ऑक्टोबर २०२३ पासून टाकलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे १०० टाकले की खरे खेळायला ७८ च्या आसपास आणि २१-२२ रुपये कर. ॲप काय करायचं, तेवढेच २१-२२ रुपये बोनस म्हणून दाखवायचं, म्हणजे आकडा परत शंभर दिसायचा. वर जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस, म्हणजे हातात यायच्या आधीच कापलेला इन्कम टॅक्स, तो एप्रिल २०२३ पासूनच चालू होता.

पण खरा खड्डा कर नाही, कमिशन आहे आणि हे मला कुणी सुरुवातीला समजावलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो. दोघांचा डाव घ्या, दोघांनी शंभर-शंभर टाकले, टेबलवर दोनशे. कंपनी आपली फी कापून जिंकणाऱ्याला देणार, दहा टक्के धरली तर १८०. म्हणजे जिंकलात तर ८० ची कमाई, हरलात तर १०० गेले. समोरचा अगदी तुमच्याच तोडीचा असला, दहातले पाच डाव तुम्ही, पाच तो जिंकला, तरी दर डावाला सरासरी दहा रुपये तुमचे गेले आणि दहा त्याचे. रात्रीत वीस डाव झाले तर दोनशे रुपये, दोघांचेही. नुसतं बरोबरीत सुटायला शंभरातले ५६ डाव जिंकावे लागतात. चटईवर चुलत्यांबरोबर खेळताना एकाचे गेले ते दुसऱ्याच्या खिशात असायचे, सकाळी तोच चहा पाजायचा. इथे एक तिसरा माणूस टेबलला बसलाय, त्याला पानं वाटलेली नाहीत आणि तो प्रत्येक डाव जिंकतोय.

आणि वेग. पॉइंट रमीत हरणाऱ्याच्या अंगावर जेवढे पॉइंट तेवढे पैसे जातात. पहिल्याच हाताला ड्रॉप केलं, म्हणजे डाव सोडला, तर २०, मधे केलं तर ४०, फसलात तर ८० पॉइंट. पॉइंटला पाच रुपयांच्या टेबलवर एका डावात चारशे रुपये, तीन मिनिटांत. चटईवर पानं पिसायला, वाटायला, हातात लावायला वेळ जायचा, कुणीतरी हिशोब लिहायचा, कुणीतरी पाणी प्यायला उठायचा. ॲप पानं स्वतःच लावून देतं, डाव संपला की पाच सेकंदांचा घड्याळाचा काटा फिरतो आणि काही न करता पुढचा डाव सुरू होतो. उठायचं असेल तर बटण दाबावं लागतं, बसून राहायला काहीच लागत नाही.

"हा कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय" हे प्रत्येक जाहिरातीत असायचं आणि मी पण घरी तेच सांगायचो. १९६७ चा निकाल आहे, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण, सिकंदराबादच्या एका क्लबची केस. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, लावावी लागतात म्हणून ती मुख्यतः कौशल्याची, असं कोर्ट म्हणालं हे खरं. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की क्लबचा मालक त्या पैशाच्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. हा दुसरा भाग मी एकाही जाहिरातीत ऐकला नाही. माझ्या पुतणीने वाचून दाखवला, ती लॉ करते.

कस्टमर केअरला वेगळे स्टार देता आले असते तर पाच दिले असते आणि तेच भयानक आहे. २०२४ च्या मे महिन्यात मला फोन आला, "सर, तुम्ही आता आमचे स्पेशल मेंबर झालात", अगदी घरच्यासारखं मराठी बोलणारा मुलगा, माझा मॅनेजर म्हणे. सीझन होता, मोटारींची रांग लागलेली, खात्यात पैसे येत होते आणि मी रोज टाकत होतो, म्हणून स्पेशल. त्या मुलाने माझा वाढदिवस लक्षात ठेवला. दोन दिवस खेळलो नाही की फोन, "सर, तब्येत बरी आहे ना?" आणि शेवटी तीनशे रुपये बोनस, फक्त आज रात्रीपुरता. मी हरत होतो म्हणून मला ही सेवा मिळत होती, जिंकणाऱ्याला कोण फोन करतो? माझ्या सख्ख्या भावाने त्या महिन्यात एकदा पण विचारलं नव्हतं तब्येत कशी आहे म्हणून, आणि मला त्या मुलाच्या फोनने बरं वाटायचं, हे लिहिताना आत्ता पण घशात येतंय.

"जबाबदारीने खेळा" नावाचं एक पान ॲपमध्ये आहे, शोधलं तर सापडतं. तिथे रोजची मर्यादा लावता येते, स्वतःला महिनाभर बंद करून घेता येतं. मी घेतलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये, खरोखर मनापासून. सहाव्या दिवशी दुसरं ॲप उतरवलं, तेच पॅन कार्ड, तोच आधार, तोच नंबर, आणि त्यांनी मला वेलकम बोनस देऊन आत घेतलं. एकाने दार लावलं तर दुसऱ्याला कळायची काही सोयच नव्हती.

आता पैसे कुठून आले ते. आधी गल्ल्यातले. मग बाजूला ठेवलेले. मग भिशीचे, आमच्या भिशीचे पैसे माझ्याकडे जमा व्हायचे, लोकांचा विश्वास होता, त्यातले ४० हजार मी वापरले आणि ते भरायला झटपट लोनवाल्या ॲपकडून घेतले. तिथे पाच हजार मागितले की हातात ३,२०० येतात, बाकी प्रोसेसिंग फी, आणि सातव्या दिवशी पूर्ण पाच हजार द्यायचे. नाही दिले की फोनमधल्या सगळ्या नंबरांना मेसेज. एक फेडायला दुसरं घेतलं, दुसरं फेडायला तिसरं.

आणि मग तांब्याच्या तारेचे. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तारेसाठी आगाऊ पैसे देतं, जळालेली तार उपसून नवी भरायची असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका शेतकऱ्याने साडेसात एचपीच्या मोटारीसाठी पैसे दिले, त्याचा टोमॅटोचा प्लॉट होता, फळ धरलेलं. ते पैसे मी त्याच रात्री घालवले. दुकानदार उधार तार देईना, आधीची बाकी होती. रोज सांगायचो उद्या होईल. चौथ्या दिवशी तो आला, ओरडला नाही, दारातच बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, झाडं माना टाकायला लागली. नसंल जमत तर तसं सांगा, मी दुसरीकडं नेतो." मी म्हणालो तार कंपनीकडूनच आली नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मेव्हण्याकडून पैसे आणून पाचव्या दिवशी मोटार दिली, पण प्लॉटचा एक तुकडा गेला त्याचा. मला वाटलं होतं ह्यानंतर तरी थांबेन. अकरा दिवस थांबलो.

त्या जुलैमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला व्हिडिओ सगळीकडे फिरला, मोबाईलवर रमी दिसत होती. ते म्हणाले मी खेळत नव्हतो, उघडलेला गेम बंद करत होतो, पुढे त्यांचं खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. माझ्या वर्कशॉपमध्ये चार शेतकरी बसून ते बघत होते, शिव्या घालत होते, आणि माझा फोन पाटावर उलटा ठेवलेला होता, त्यात डाव चालू होता.

आमचे थोरले आबा लालबागला गिरणीत होते, ते मटका लावायचे. त्यांच्याकडून ऐकलंय, आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या दरावर आकडा लागायचा, मग कल्याणजी भगत आणि रतन खत्रीच्या काळात तो पत्त्यांवर आणि मडक्यावर आला, ओपन, क्लोज, जोडी, पाना. आबांनी पण घालवले, गावाकडे मनीऑर्डर यायची थांबली होती काही महिने. पण आबा एक गोष्ट सांगायचे, मटक्याला वेळ होती. ओपन लागला, क्लोज लागला, संपलं, आता उद्या. शिवाय चिठ्ठी लावायला टपरीपर्यंत चालत जावं लागायचं, जाताना कुणीतरी बघायचं, चाळीत बातमी पोचायची, आजीला कळायचं. माझं २२ महिने कुणाला कळलं नाही. बायको शेजारी झोपलेली आणि मी ब्राइटनेस कमी करून, आवाज बंद करून खेळायचो, तिला वाटायचं गिऱ्हाईकाचे मेसेज बघतोय.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य की नशीब हा वादच संपवला, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायचा नाही म्हणजे नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला फसलेला मानलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण शिक्षेच्या भीतीने माणूस कुणाला सांगायलाच जाणार नाही. सरकारचा अंदाज होता की ४५ कोटी लोक मिळून वर्षाला २० हजार कोटी घालवतात. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरून नाव गेलं, सप्टेंबरच्या आशिया कपला संघ कोऱ्या जर्सीने खेळला. कंपन्या कोर्टात गेल्या, केसेस सुप्रीम कोर्टापर्यंत पोचल्या. दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, बच्चू कडू सचिन तेंडुलकरच्या घराबाहेर ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून आंदोलनाला बसले होते तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये त्यांची चेष्टा केली होती. आता नाही करत.

माझ्या ॲपवर नोटीस आली, पैशाचे डाव बंद, शिल्लक काढून घ्या. शिल्लक होती ४७ रुपये. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी सलग सात तास झोपलो.

पाचव्या दिवशी मेसेज आला. अनोळखी नंबर, पण माझं नाव, मी कुठल्या टेबलवर खेळायचो ते सगळं त्याला माहीत. "सर, आपलं बंद झालं तरी आयडी मिळेल, क्रिकेट, रमी, कसिनो सगळं, चोवीस तास विथड्रॉ." आता ही दुसरी सेवा, हिचा रिव्ह्यू शून्य स्टार. ॲप नसतंच, परदेशातली साइट असते, टेलिग्रामवरून आयडी-पासवर्ड मिळतो, पैसे टाकायला दर वेळी वेगळ्याच माणसाचा यूपीआय नंबर. पॅन नाही, केवायसी नाही, टीडीएस नाही, तक्रार करायला ऑफिस नाही. महादेव नावाच्या सट्ट्याच्या ॲपचं जे प्रकरण ईडीने बाहेर काढलं ते ह्याच पद्धतीचं, दुबईत बसून चालवलेलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ते आणि आणखी साइट धरून २२ बंद केल्या होत्या. एक बंद केली की नाव बदलून दुसरी उघडते.

मी दोन हजार टाकले. साडेतीन हजार झाले, काढले, आले. कुठून आले? एका अनोळखी बाईच्या बचत खात्यातून. तेव्हा लक्ष दिलं नाही. तीन आठवड्यांनी दुकानदाराला तारेचे पैसे द्यायला गेलो तर पेमेंट जाईना. बँकेत विचारलं तर खात्यावर होल्ड, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र. कुणालातरी फसवून लुबाडलेले पैसे त्या बाईच्या खात्यातून फिरून माझ्याकडे आले होते. अशा भाड्याने घेतलेल्या खात्यांना म्यूल खाती म्हणतात, आणि पैसे ज्याच्या ज्याच्याकडे गेले त्या सगळ्यांच्या खात्यांवर होल्ड लागत जातो. साडेतीन हजारांसाठी माझे २७ हजार अडकले, त्यात तीन शेतकऱ्यांच्या मोटारींचे पैसे होते. सुटायला अडीच महिने लागले, अर्ज, ईमेल, हमीपत्र, परत अर्ज. म्हणून सांगतो, कायद्यानंतर "आपलं अजून चालू आहे" म्हणणारा कुणीही भेटला तर त्याने जिंकवून दिलेले पैसे सुद्धा तुमच्या खात्यात घेऊ नका.

त्या अर्जासाठी बँक स्टेटमेंट जोडायचं होतं, आणि तिथे माझी थोरली बहीण आली. ताई पतसंस्थेत क्लार्क आहे, मला वाटलं ती अर्ज नीट लिहून देईल, एवढंच. मी तिला एकाच महिन्याचं स्टेटमेंट दिलं. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे हे रोज रात्री कुणाला पाठवतोस?" मग म्हणाली सगळं काढ, पहिल्यापासून. ६१ पानं निघाली. तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही पिवळ्या पेनाने खुणा केल्या, मी आकडे वाचायचो आणि ती कॅल्क्युलेटरवर मारायची. संध्याकाळी साडेसहाला बसलो ते रात्री एकला उठलो. मध्ये भाऊजी पाणी देऊन गेले, काही बोलले नाहीत.

टाकले ६,८३,४००. वेळा १,१४६. काढलेले २,७१,१५०. गेलेले ४,१२,२५०.

मला मनातून दीड लाख वाटत होते. जास्तीत जास्त दोन. मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तेवढेच वाटत होते. एका वेळचा आकडा सरासरी सहाशेच्या आत, त्यामुळे कधी मोठं काही गेलं असं वाटलंच नाही. १,१४६ पैकी ७३१ वेळा रात्री अकरा ते तीनच्या मध्ये. ॲपमध्ये आजची जिंकलेली रक्कम दिसते, सगळ्यात मोठा डाव दिसतो, लेव्हल दिसते, सोनेरी बिल्ला दिसतो, मित्रांमध्ये कितवा नंबर ते दिसतं. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत किती टाकले, किती काढले, फरक किती, ही एक ओळ मला २२ महिन्यांत कुठल्याही पानावर सापडली नाही. त्यांच्या कॉम्प्युटरला ती बेरीज करायला एक सेकंद लागला नसता, आम्हाला साडेसहा तास लागले. ह्या रिव्ह्यूमधला सगळ्यात मोठा तोटा मी हा लिहीन. ती एक ओळ समोर असती तर मी एप्रिलच्या आधी थांबलो असतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ज्यांच्या घरात असं काही चाललंय असं वाटतंय त्यांना एकच सांगणं, फोन हिसकावून घेऊ नका, बँकेचं स्टेटमेंट काढा आणि शेजारी बसून बेरीज करा. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा. ताई त्या रात्री रडली पण ओरडली नाही, म्हणून मी लोन ॲपचं पण सांगितलं, भिशीचं पण सांगितलं. ओरडली असती तर अर्धं लपवलं असतं. आणि हे व्यसन आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन वेगळं नोंदवलेलं आहे, त्यामुळे डॉक्टरकडे जायला लाजू नका. मी सिव्हिलमधल्या मानसोपचारवाल्या मॅडमकडे गेलो, आठवड्याला एकदा, औषधापेक्षा बोलणंच जास्त. डोक्यात नको ते विचार येत असतील, मला एप्रिलमध्ये आले होते विहिरीच्या काठावर मोटार बसवताना, तर १४४१६ वर फोन करा, टेली मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३०, आणि लगेच करा, उद्यावर टाकू नका.

सध्या माझ्याकडे साधा बटणाचा फोन आहे, गिऱ्हाईकाचे फोन त्यावरच येतात. यूपीआयचा स्कॅनर बायकोच्या खात्याचा लावलाय, आणि हे मी तिच्याच फोनवर लिहितोय, ती समोर बसलीय. टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला जाऊन खरं काय झालं होतं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला माझा भाचा पण खेळतो, त्याला तुमच्याकडं पाठवतो. भाचा आला, दोन तास बसला, स्टेटमेंट घेऊन परत येतो म्हणाला, अजून आला नाही, मी वाट बघतोय.

लोकांची आणि लोनवाल्यांची मिळून २,१०,००० देणी होती. दर शनिवारी वर्कशॉप बंद केल्यावर ताईकडे तीन हजार नेऊन देतो, ती ज्याचे त्याला पोचवते आणि शंभर पानी वहीत लिहिते. तारीख, दिले, राहिले, आणि प्रत्येक पानाच्या तळाला लाल पेनाने एकूण. बारा शनिवार झाले. परवा तळाचा आकडा १,७४,००० होता, तिने वही माझ्याकडे फिरवून दाखवली.